सिद्धगडाहून नाणेघाटाकडे

मुरबाड तालुक्यातला सिद्धगड म्हणजे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले ती भूमी. तेथे फुले वाहून आम्ही मुलाबाळांसह त्याच तालुक्यातील वैशाखरे गाठले व नाणेघाट चढलो. दगडी पायऱ्यांनी दमछाक होते, पण वारा छान लागतो.

माथ्याजवळ लेणे दिसताच बरोबरच्या भगिनींनी हात जोडले. परंतु येथे स्तूप नाही, बुद्धमूर्तीही नाही. भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि दक्षिणेच्या गाई, घोडे, कार्षापणे आकड्यांसह कोरली आहेत. राजघराण्याचे पुतळे होते, आता वरची नावेच उरली. दिसेल ते लेणे आपले म्हणण्याची घाई बरी नव्हे, मुलांना जे आहे तेच सांगावे.

आपला ठेवा आहे घाटापलीकडे, जुन्नरला. लेण्याद्रीचे सहावे लेणे हे चैत्यगृह. ते दान देणारा सुलसदत्त आपल्या कल्याणचा, हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. कल्याण-जुन्नर व्यापाराची जुनी वाट हीच, तेव्हा तोही याच पायऱ्या चढला असेल काय, असे मनात येते. शेजारच्या सातव्या लेण्यात, भिक्खूंच्या विहारात, आज गणपती आहे.

कल्याणहून माळशेजकडे जाणारी एस.टी. वैशाखऱ्यावरून जाते. पाणी भरपूर घ्या. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, लहान मुलांचा हात सोडू नका.