तिनं पाहिलं होतं का?

रात्रीची झाकपाक झाली, ओटा पुसून झाला, की माझा अर्धा तास सुरू होतो. आमच्या ह्यांना बातम्या लागतात, मुलांना क्रिकेट. पण साडेदहानंतर टीव्हीवर राज्य माझं. आणि मी लावते काय, तर बॅले! सांगलीत राहणारी, सकाळच्या शाळेत चार तास सातवीला इतिहास शिकवणारी मी, आणि वेड कसलं, तर पायाच्या बोटांवर उभं राहून नाचणाऱ्या परदेशी बायकांचं! जाऊबाई अजून हसतात. हसू देत बापड्या.

हे वेड लागलं पुण्याला बी. ए. करताना. एका मैत्रिणीच्या घरी सीडीवर ‘जिझेल’ पाहिला. तेव्हा मी नुसते पायच पाहत होते. ते साटिनचे बूट दिसतात नाजूक, पण त्यांचं टोक कापड, कागद आणि सरसाचे थर देऊन कडक केलेलं असतं. मोठी भूमिका असेल तर एका रात्रीत जोड निकामी होतो म्हणे. आम्ही एक चप्पल दोनदा शिवून वापरणारी माणसं, मला त्याचंच अप्रूप!

गोष्ट म्हटली तर साधी आहे. जिझेल ही खेड्यातली पोर, नाचाची वेडी. अल्ब्रेख्त नावाचा सरदार शेतकऱ्याचा वेश करून तिच्या प्रेमात पडतो. त्याचं लग्न आधीच एका उमरावाच्या मुलीशी ठरलेलं असतं, ते तो सांगत नाही. सगळं उघडकीला येतं तेव्हा जिझेलच्या डोक्यावर परिणाम होतो आणि ती मरते. दुसऱ्या अंकात रात्रीचं रान. लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं तिथं पांढऱ्या झग्यात जमतात आणि सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचायला लावतात. अल्ब्रेख्त त्यांच्या तावडीत सापडतो, आणि जिझेलच त्याला पहाटेपर्यंत जगवते. पॅरिसला १८४१ साली हा पहिल्यांदा झाला, तेव्हा जिझेल झालेली कार्लोत्ता ग्रिसी अवघी २२ वर्षांची होती. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या नर्तिकेला ही भूमिका करायची असते.

माझ्या लाडक्या तिघी. पहिली रशियाची गलिना उलानोव्हा. १९५६ साली मॉस्कोचा बोल्शॉय संघ पहिल्यांदा लंडनला गेला, तेव्हाचं तिचं चित्रण आहे. बाई ४६ वर्षांची! चेहरा आपल्या शेजारणीसारखा, साधा. पण ती लाजते ना, तेव्हा सोळा वर्षांची दिसते. वेडाच्या प्रसंगातही ती फार काही करत नाही. नुसती बघत राहते, आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. दुसरी आत्ताची नतालिया ओसिपोव्हा. तिचं २०१४ सालचं लंडनचं चित्रण मी पाहिलंय. दुसऱ्या अंकात तिच्या उड्या अशा, की खाली यायचं ती विसरली की काय असं वाटावं. खोटं कशाला सांगू, पंचविशीत मला ओसिपोव्हाच श्रेष्ठ वाटायची. आता उलानोव्हा.

आणि तिसरी क्यूबाची अलिसिया अलोन्सो. विशीतच हिच्या डोळ्यांचे पडदे सुटले. ऑपरेशनं झाली आणि जवळजवळ वर्षभर डोळ्यांवर पट्टी बांधून, मान न हलवता पडून राहायचं फर्मान निघालं. त्या अंथरुणात ती जिझेल शिकली, ती बोटांनी! नवरा शेजारी बसून बोटांनी पावलं दाखवायचा, ही चादरीवर बोटं नाचवायची. १९४३ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये मुख्य नर्तिका मार्कोव्हा आजारी पडली आणि अलोन्सो तिच्या जागी उभी राहिली. नजर पुढं अधूच राहिली, रंगमंचावरच्या दिव्यांच्या खुणेनं ती जागा ओळखायची. तरी सत्तरीपर्यंत नाचली आणि २०१९ मध्ये ९८ वर्षांची होऊन गेली.

पण मला सांगायचंय ते एका फुलाबद्दल. पहिल्या अंकात जिझेल एका फुलाच्या पाकळ्या तोडत कौल घेते, त्याचं प्रेम आहे की नाही. उत्तर ‘नाही’ येणार असं दिसतं, म्हणून ती फूल टाकून देते. अल्ब्रेख्त ते उचलतो, हळूच एक पाकळी तोडून टाकतो आणि म्हणतो, बघ, ‘आहे’ आलं की! पुढं वेडाच्या भरात ती पुन्हा पाकळ्या तोडते. हातात फूल नसतं, नुसती बोटं हलतात.

ही जागा आली की मला दर वेळी माझी ताई आठवते. २००९ साली तिचा साखरपुडा झाला. पत्रिका छापून आल्या होत्या, शालू घेऊन झाला होता, आणि लग्नाला अठरा दिवस असताना कळलं, की मुलानं दुसऱ्याच एका मुलीशी आधीच रजिस्टर लग्न केलंय. ताई रडलीसुद्धा नाही. आठ दिवसांनी बँकेत कामावर गेली. पुढं तिनं लग्न केलं नाही, आणि घरात तो विषय कुणी काढला नाही.

मी का काढला नाही, ते मलाच ठाऊक. साखरपुड्याच्या दिवशी तो मुलगा तीनदा फोन घेऊन गच्चीत गेला होता. तिसऱ्यांदा मी सरबत द्यायला मागं गेले. मला बघताच त्याचा चेहरा असा काही पडला, की माझ्या मनात चर्रर्र झालं. पण मी गप्प राहिले. एवढे पाहुणे, एवढा खर्च, आणि मी धाकटी.

गेल्या दिवाळीत ताई चार दिवस राहायला आली होती. रात्री मी उलानोव्हा लावली. सासूबाईही झोप येईना म्हणून येऊन बसल्या. भुतं आली तशा म्हणाल्या, “अगं, या तर आपल्याकडच्या हडळीच की!” मग जिझेल अल्ब्रेख्तला वाचवायला लागली, तेव्हा मात्र त्या चिडल्या. “मेली तरी त्याचीच काळजी! नाचू दे की मेल्याला मरेस्तोवर!” मी त्यांना सांगितलं, की मूळच्या खेळात तर शेवटी जिझेल त्याला त्या दुसऱ्या मुलीच्याच हाती सोपवून जाते. सासूबाई उठल्याच. “मला नाही बाई पटत,” म्हणत झोपायला गेल्या.

ताई काही बोलली नव्हती. जरा वेळानं म्हणाली, “ते मघाचं पाकळीचं परत लाव.”

मी मागं नेऊन लावलं. ताई पुढं वाकून बघत होती. मग म्हणाली, “तिनं पाहिलं असणार गं. एवढा जवळ बसलाय तो. पाकळी तोडलेली न दिसायला काय झालं?”

माझ्या तोंडाला कोरड पडली. म्हटलं, “ताई, साखरपुड्याच्या दिवशी मी गच्चीत...”

“माहितेय,” ती म्हणाली. “तू खाली आलीस तेव्हा तुझ्या हातात सरबताचा पेला तसाच होता. मी पाहिलं होतं. आणि तो पहिल्यांदा वर गेला, तेव्हाच मला कळलं होतं. मला फक्त ‘आहे’ हवं होतं.”

पुढं दोघींनाही सुचेना. टीव्हीवर गावकऱ्यांचा नाच चालू होता. मी उगीचच उठून दूध फ्रिजमध्ये ठेवलंय का ते बघून आले. ताईनं पाय वर घेऊन अंगावर चादर ओढली होती.

“झोपायचं का?” मी विचारलं.

“थांब गं,” ती म्हणाली. “ती चादरीवर बोटांनी नाच शिकली म्हणालीस ना, ती लाव.”