खालाने आणलेला पाला

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे बर्मिंगहॅमला गेले होते. भाचीने एक कासव पाळलंय. आपल्याकडे तारा कासव घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा; तिथे मात्र भूमध्य सागराकडचं हर्मन जातीचं कासव लोक कागदपत्रांसह पाळतात. आत्ता मुठीएवढं आहे, पण सांभाळलं तर पन्नास वर्षंही जगतं म्हणे.

फळं त्याला सोसत नाहीत, रानटी पालाच मानवतो. भाची रोज शाळेतून आल्यावर तो गोळा करायची. एक दिवस मी म्हटलं, "आज मी आणते. खेड्यात वाढलेय मी!"

खरंच, ओळख पटायला वेळ लागला नाही. डँडेलियन म्हणजे आपल्या पाथरीच्याच कुळातलं. जमिनीलगत पसरलेली, कातरलेली पानं, पोकळ देठावर एकच पिवळं फूल, तोडलं की पांढरा चीक. अम्मी पाथरीची भाजी करायची, त्यामुळे तो चीक बोटांच्या ओळखीचा. रुंद पानांचं, उभ्या शिरांचं प्लँटेन तर आपल्या इसबगोलाचं भावंड. मग कुंडीशेजारी एक नाजूक, पोपटी रोप दिसलं. तोडलं, चीक आला. म्हटलं, हेही त्यातलंच! मूठभर घेतलं आणि सगळं बशीत ठेवलं.

कासवाने मान बाहेर काढली होती, तेवढ्यात भाची आली.

"खाला, थांबा!" तिने बशी ओढली. मग कासवाला सोडून आधी माझा हात धरून नळाखाली नेला. "साबण लावा. डोळ्यांना हात नका लावू. ही स्पर्ज आहे, हिचा चीक विषारी असतो."

तेव्हा कुठे मला शेराचं कुंपण आठवलं. त्याचा चीक डोळ्यात जाईल म्हणून लहानपणी त्याच्या जवळपासही जाऊ द्यायचे नाहीत. स्पर्ज त्याच शेराच्या कुळातली. म्हणजे हेही मला ठाऊक होतं! चीक दिसताच मला पाथरी तेवढी आठवली. पानं गोलसर आहेत, फुलं हिरवी आहेत, पिवळी पाकळी कुठेच नाही, हे बघितलंच नाही. अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे गुण मी वीस वर्षं कापत आलेय.

बशीतला सगळा पाला फेकला, चीक लागला असेल म्हणून चांगलाही. बहिणीला हसू आवरेना. भाची मात्र हसली नाही; कासवाचं तोंड पुसून बघत होती. अल्लाहचे आभार, त्याने काही खाल्लं नव्हतं.

नंतरचे दहा दिवस पाला मीच आणला. फक्त डँडेलियन आणि प्लँटेन, तेही रस्त्याकडेचं नाही, कारण तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं. निघायच्या दिवशीही आणला. भाचीने "शुक्रिया, खाला" म्हणून बशी घेतली आणि एकेक पान उलटून पाहिल्यावरच त्याच्यापुढे ठेवली.