रात्रीची गाडी आणि तेच ते गाणं

कलमांचा सीझन लागला की आपल्या शेंदूरजनाघाटातून रोज संध्याकाळी गाड्या भरून निघतात. कोणी आगर-माळव्याकडे, कोणी राजस्थानात झालावाडकडे. झालावाडची खेप म्हणजे मुलताई, बैतूल, इटारसी, भोपाळ, ब्यावरा करत बारा-चौदा तास. आज बागेतलं काही नाही, त्या बारा तासांतल्या रेडिओबद्दल लिहितो. विषय हलका वाटेल, पण शेवटी गोष्ट गाडी चालवणाऱ्या पोराच्या जिवावर येते. म्हणून वाचा.

कलमा रात्रीच न्याव्या लागतात हे नर्सरीवाल्यांना सांगायला नको. दिवसाचं ऊन आणि गाडीचा वारा लागला की पानं मलूल होतात, पिशवीतली माती सुकते, आणि उतरवून घेणारा शेतकरी पहिल्याच नजरेत नाक मुरडतो. म्हणून आपण सायंकाळी पाणी मारून माल भरतो, ताडपत्री बांधतो आणि निघतो. पण कलमांच्या सोयीची वेळ माणसाच्या सोयीची नसते. रात्री दोन ते पाच हा खरा वैरी. त्या वेळेसाठी बहुतेक चालकांचा भरवसा एकाच गोष्टीवर असतो, तो म्हणजे रेडिओ.

मागच्या खेपेला मी शेजारच्या पोरासोबत पिकअपमध्ये होतो. बैतूलच्या पुढं जंगल आणि बरेठा घाट, तिथं एफएम नुसता खरखरतो. नर्मदेचा पूल ओलांडल्यावर स्टेशन धरलं आणि एक नवं हिंदी गाणं लागलं. भोपाळ येईपर्यंत तेच आणखी एकदा वाजलं. स्टेशन बदललं, तर थोड्या वेळानं तिथंही तेच. पोरगा म्हणे, "काकाजी, हे गाणं आपल्या मागं मागं येऊन राह्यलं." दोघंही हसलो. भोपाळ सोडल्यावर ते चौथ्यांदा लागलं. आवाज मोठा होता. आणि गाडीचं डावं चाक डांबर सोडून मुरमावर उतरलं. मी ओरडलो, त्यानं सावरलं.

"झोपला होता काय बे?"

"नाइ काकाजी. डोये उघडेच होते."

पोरगा खोटं बोलत नव्हता. डोळे उघडे, कान उघडे, पण डोकं जाग्यावर नव्हतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आणि मला आपल्या शेतातला भोंगा आठवला. रानडुकरं येऊ नयेत म्हणून आपण चार्जिंगचा भोंगा लावतो, त्यात माणसाच्या ओरडण्याचा आवाज भरलेला असतो. पहिल्या दोन-चार रात्री डुकरं फिरकत नाहीत. आठवड्याभरानं भोंग्याच्या बाजूलाच उकरून ठेवतात. आवाज तेवढाच मोठा असतो, पण रोज तोच असल्यामुळं तो त्यांच्या लेखी आवाजच राहत नाही. माणसाच्या कानाचंही तसंच. चौथ्यांदा वाजणारं गाणं कानात जातं, पण जागं करत नाही.

मग स्टेशनवाले तेच तेच का लावतात? त्यालाही हिशोब आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झ नावाचा रेडिओवाला होता. लोक पैसे टाकून वाजवायच्या पेटीवर पुन्हा पुन्हा तीच आवडती गाणी लावतात, हे हेरून त्यानं थोडीच गाणी फिरवून फिरवून वाजवायची पद्धत रुळवली. ती तिकडं 'टॉप फोर्टी' म्हणून चालली. आजची खासगी स्टेशनंही साधारण त्याच वाटेनं जातात. त्यांचा हिशोब शहरातल्या माणसाचा आहे. तो ऑफिसला जाताना वीस मिनिटं ऐकतो, तेवढ्यात त्याला चालू गाणं मिळालं पाहिजे. त्याच्यासाठी ते एकदाच वाजतं. रात्रभर गाडीत बसलेला माणूस त्या हिशोबात धरलेलाच नाही. त्यात खासगी स्टेशनला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आणि रात्री पुष्कळ ठिकाणी बोलणारा माणूसही नसतो, संगणकावर लावलेली यादी चालते. म्हणजे नेमकं जेव्हा कोणीतरी बोलायला पाहिजे, तेव्हा कोणीच बोलत नाही.

रात्रीच्या माणसाचा विचार आपल्याकडं झालाच नव्हता असं नाही. तो आपल्या नागपुरातच झाला होता. १८ मे १९८८ ला आकाशवाणीचं नॅशनल चॅनल सुरू झालं. नागपूरजवळ १००० किलोवॅटचं केंद्र, मीडियम वेव्हवर. मीडियम वेव्ह रात्री लांबवर जाते, त्यामुळं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत देशाच्या मोठ्या भागात ते ऐकू यायचं. त्यावर बातम्या असायच्या, गाणी असायची, बोलणं असायचं. एफएम साठ-सत्तर किलोमीटरवर सुटतो, पण हे एकच स्टेशन रात्रभर सोबत राहायचं. पुढं काय लागेल हे माहीत नसायचं, म्हणून कान टवकारलेला राहायचा. २०१८ च्या शेवटी ते बंद करायचा निर्णय झाला. आता नव्या गाड्यांतल्या पुष्कळ टेपांत मीडियम वेव्ह धरायची सोयच नसते.

कोणी म्हणेल, पेन ड्राइव्ह लावा. आमच्या गाडीत आहे. त्यात दीडशे गाणी, वर्षभर तीच. एक संपलं की दुसरं कोणतं येणार हे पोराला तोंडपाठ आहे. तोही भोंगाच.

खरं सांगायचं तर झोपेवर रेडिओ हे औषधच नाही. इंग्लंडातल्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी १९९० च्या दशकात झोपाळलेल्या चालकांवर प्रयोग केले. रेडिओ लावणं किंवा तोंडावर गार वारा घेणं याचा फायदा थोडाच वेळ टिकतो. कॉफी आणि पंधरा मिनिटांच्या आतली डुलकी यांचा त्याहून बराच जास्त होतो, असं त्यांना दिसलं.

म्हणून आमच्या गाडीपुरते तीन नियम केले आहेत.

१) खेपेला दोन माणसं. दुसऱ्यानं मागं किंवा बाजूला झोपायचं नाही, बोलत राहायचं. घरचं, बागेचं, भावाचं, काहीही.

२) रात्री दोन ते चारच्या मधात गाडी ढाब्यावर घ्यायची. चहा-कॉफी, मग पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. तेवढ्यानं कलमांचं काही बिघडत नाही.

३) एक गाणं त्या रात्री तिसऱ्यांदा लागलं की रेडिओ बंद. ती आपल्यासाठी घंटा समजायची. तेव्हापासून मोबाइलमध्ये भरून ठेवलेलं बोलणं लावायचं. मी संत्र्यावरची तज्ज्ञांची भाषणं भरून ठेवतो. डिंक्या, फळगळ, झाडाचं पोषण. पोरगा मधात मधात अडवून विचारतो, "हे आपल्या भारी जमिनीत चालते काय?" विचारतो म्हणजे जागा आहे.

कृषी विद्यापीठातले, संशोधन केंद्रातले काही साहेब हे पान वाचतात. तुम्हाला एक विनंती. तुमची भाषणं व्हिडिओत असतात, त्यात निम्मं "इथं पडद्यावर बघा" असतं. गाडी चालवताना पडदा बघता येत नाही. नुसतं ऐकून समजेल असं अर्ध्या तासाचं बोलणं भरून द्या. आमच्या किती तरी रात्री रस्त्यात जातात, तो वेळ शिकण्याचा होईल आणि चालकही जागा राहील.

तुमच्या गाडीत रात्री काय चालू असतं? कोणी काही वेगळं करत असेल तर खाली लिहा. या महिन्यात दोन खेपा बाकी आहेत, कामी येईल.