तारखेची रेघ

मल्लेश्वरम, बेंगळुरू
17 डिसेंबर

चि. समीर यास,


परवा फोनवर तू म्हणालास, ‘आत्या, तुमची पेन्शन आमच्या टॅक्समधून जाते.’ तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून लिहायला बसले. तारीखही बरी जुळून आली आहे. 1982 साली आजच्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने नाकरा खटल्याचा निकाल दिला आणि तेव्हापासून आम्ही निवृत्त मंडळी हा दिवस ‘पेन्शनर्स डे’ म्हणून पाळतो.

डी. एस. नाकरा संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. केंद्राने 1979 मध्ये पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण फायदा ठेवला तो 31 मार्च 1979 रोजी किंवा नंतर निवृत्त होणाऱ्यांपुरता. म्हणजे आदल्या दिवशी घरी गेलेला माणूस त्यातून बाहेर, मग नोकरी तीच का असेना! सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही रेघ पुसून टाकली. निकाल न्या. देसाईंनी लिहिला. पेन्शन ही सरकारच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे आणि म्हातारपणी माणसाला मानाने जगता यावं यासाठी आहे, हा त्याचा गाभा.

विधानसौधावर कानडीत कोरलंय, सरकारचं काम म्हणजे देवाचं काम. मी पस्तीसेक वर्षं ते केलं. माझ्यासारख्या बेळगावहून आलेल्या मुलीला आधी कानडीची परीक्षा द्यावी लागली, मग फायली. पगार बेताचाच होता. पुढे पेन्शन आहे, हे धरूनच घरच्यांनी ही नोकरी पसंत केली होती. मोबदल्याचा एक हिस्सा सरकारने तेव्हा दिला नाही, तो आता दरमहा येतो. आणि हो, पेन्शनवर मीही आयकर भरते.

तुझ्या बोलण्यात तथ्य नाही असं मात्र नाही. जुन्या योजनेत पैसा आधी बाजूला काढून ठेवलेला नसतो. त्या त्या वर्षीच्या महसुलातून तो द्यावा लागतो. माणसं जास्त जगू लागली, तसा बोजा वाढला. म्हणून केंद्राने 1 जानेवारी 2004 पासून, महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून आणि कर्नाटकाने 1 एप्रिल 2006 पासून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. त्यांच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं, ते पैसे बाजारात गुंतवले जातात आणि शेवटी किती हाती येईल याची हमी नसते. हिशेब मला कळतो. पण मोबदला किती ते आधी ठरलेलं असण्यात आणि बाजारावर सोडण्यात फरक आहे, आणि तो सोसायचा कोणी, हे ठरवलं एका तारखेने.

ती रेघ किती कच्ची होती, ते इथे कर्नाटकातच दिसलं. भरतीची जाहिरात एप्रिल 2006च्या आधीची, पण नेमणुकीचं पत्र नंतर हातात पडलं, असे सुमारे तेरा हजार कर्मचारी नव्या योजनेत ढकलले गेले. जानेवारी 2024 मध्ये सरकारने त्यांना जुनी पेन्शन दिली. उशीर कार्यालयाचा, भोगला त्यांनी! मार्च 2023 मधला सरकारी कर्मचाऱ्यांचा संपही याच वेदनेतून. इथे तो पहिल्याच दिवशी सतरा टक्के अंतरिम पगारवाढीवर मिटला. महाराष्ट्रात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर चालला. केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून आणलेली एकीकृत योजना हा मधला मार्ग: पंचवीस वर्षं सेवा झाली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम नक्की. हमी परत आणावी लागली, यातच काय ते समज.

त्याच एप्रिल 2006 मध्ये, दहा तारखेला, कर्नाटकाच्याच एका खटल्यात दुसरी रेघ पडली. विक्रीकर खात्यातल्या रोजंदारीवरच्या लोकांनी कायम होण्यासाठी दाद मागितली होती. तो उमादेवी खटला म्हणून ओळखला जातो. नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. मंजूर पदावर दहा वर्षं काढलेल्यांचा एकदा विचार करा, असंही त्याच निकालात होतं. पण खात्यांनी पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं विसरले. आमच्या शेजारच्या टेबलावर कंत्राटी बाई माझ्याइतकंच टंकन करायच्या. त्यांना ना ग्रॅच्युइटीचा भरवसा, ना पेन्शन. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगार बायकांच्या जग्गो खटल्यात न्या. विक्रम नाथ आणि आपले निपाणीचे न्या. प्रसन्न वराळे यांनी खडसावलं, की उमादेवी निकालाचं हत्यार करून वर्षानुवर्षं राबणाऱ्यांचे हक्क मारू नका.

आता तुझ्याकडे वळते. खासगी नोकरदारांसाठी 1995 पासून ‘ईपीएस’ ही पेन्शन योजना आहे. पण 1 सप्टेंबर 2014 नंतर प्रथमच नोकरीला लागलेला आणि पंधरा हजारांहून जास्त मूळ पगार व महागाई भत्ता घेणारा माणूस तिच्यात येतच नाही. तू त्यातलाच. म्हणजे एक रेघ तुझ्यावरूनही गेली आहे आणि तुला कोणी सांगितलंसुद्धा नाही!

तेव्हा रागावायचंच असेल तर रेघ ओढणाऱ्यावर रागाव. माझी पेन्शन बंद झाल्याने तुझी सुरू होणार नाही. उलट ‘पेन्शन म्हणजे चैन’ हे एकदा सर्वांच्या गळी उतरलं, की तुझ्या मुलांना ती मागायला तोंडही उरणार नाही. आणि पुढच्या वेळी ‘तुम्हाला का मिळते’ असं विचारण्याऐवजी ‘आम्हाला का नाही’ असं विचार, आणि ते मला नको, सरकारला विचार.

तुझी,
आत्या