पिवळ्या पाटीची गाडी

बारामतीत भिगवण चौकाच्या जवळ गाड्या भाड्यानं देणाऱ्याचं एक छोटं ऑफिस आहे. दारावरची पाटी उन्हानं विटलेली. लग्नकार्य, देवदर्शन, पुणे एअरपोर्ट, हॉस्पिटल. त्याखाली यंदा एक ओळ नव्यानं रंगवून घेतली आहे, ‘दहावी-बारावी सेंडऑफ’. तिचा लाल रंग इतका ताजा की मजकुराआधी तोच डोळ्यांत भरतो. मी पाहुण्यांना भिगवणला न्यायचं म्हणून गाडी ठरवायला गेले होते. जानेवारीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात आणि पुण्या-मुंबईच्या माणसांना ते दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण त्या ओळीनं मला पायरीवरच अडवलं, आणि आत गेल्यावर मी माझं काम विसरूनच गेले.

बाकावर गणवेशातल्या पाच मुली आणि एक मुलगा बसले होते. एकीच्या मांडीवर वही. वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं रस्ता काढलेला: बारामती, काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे. प्रत्येक गावापुढं नावं आणि वेळा. समारंभ पाचला सुरू होणार. भाषणं, नाच, जेवण, मग सगळ्यांचे फोटो. साडेनऊ कुठं गेले नाहीत. एसटीचा पास सगळ्यांकडं आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना तो बारावीपर्यंत मोफत मिळतो. पण त्या वेळेला त्यांच्या गावची गाडीच नसते, मग पास दाखवायचा कुणाला?

“माझ्या चुलत्यांची फॉर्च्युनर आहे की,” मुलगा म्हणाला. “दादा चालवंल. पैसेबी नकोत.”

“दादा आत्ताच एकोणीसचा झालाय,” वहीवाली म्हणाली. “आम्हाला पिवळ्या पाटीची पाहिजे. ड्रायव्हरसकट.”

मालकांनी भाव सांगितला. किलोमीटरवर घेतली तर एवढे, ठोक घेतली तर एवढे, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, इसार आज. ती लिहून घेत होती. मग तिनं वही फिरवून त्यांच्यापुढं धरली. सगळ्यात शेवटी उतरणाऱ्या दोघी एकाच वस्तीवरच्या होत्या. गाडीत एकटी कुणीच राहणार नव्हती. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण यादीचा क्रम तसाच लावलेला होता, आणि मालकांनीही काही न विचारता मान डोलावली. उठता उठता ती म्हणाली, “आणि काका, ड्रायव्हरकाका जेवणार कुठं? शाळेत जेवणार असतील तर एक ताट आत्ताच वाढवून सांगावं लागंल.”

दहावीच्या पोरांना गाड्या कशाला, असं आमच्या वयाची माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या मुलीनं सगळी शाळा एसटीच्या दांडीला लोंबकळत केली, तिला एका संध्याकाळी निऱ्या न चुरगळता दारात उतरावंसं वाटलं तर त्यात वाईट काय आहे? सनरूफमधून वर निघून ओरडणं मला आवडत नाही, आणि सुरतेत फेब्रुवारी २०२५ मध्ये बारावीची मुलं निरोपाला आलिशान गाड्यांचा ताफा घेऊन निघाली, ते तर मुळीच आवडलं नाही. पण ती मुलं दुसऱ्याला दिसण्यासाठी निघाली होती. या मुलींना घरी पोचायचं होतं.

आणि पोचणं इथं सोपं नाही. सेंडऑफचे दिवस आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकच. बारामती-इंदापूर रस्त्यावर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात. वाढं मागं लोंबत असतं, त्यात लाल दिवा असलाच तरी झाकून जातो. रिफ्लेक्टर लावले जातात, पण हंगाम सरेपर्यंत धुळीनं ते आंधळे होतात. टायरगाड्यांना तर तेवढंही नसतं. पुढं बैलांच्या गळ्यातला घुंगरांचा आवाज आणि वर मोळ्यांवर झोपलेली पोरं. बीडकडून आलेल्या त्या ऊसतोडवाल्यांच्या पोरांतली कितीतरी या मुलींच्याच वयाची असतात. या रस्त्यावर रात्री कुठं वेग कमी करायचा, हे बारा-पंधरा हंगाम काढलेल्या ड्रायव्हरला कळतं. एकोणिसाव्या वर्षी ते कळत नाही, मग गाडी कितीही महागाची असो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे घडलं ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. सतरा वर्षांचा मुलगा, बारावी झाल्याचा जल्लोष, पोर्शे गाडी, आणि दुचाकीवरून चाललेली दोन तरुण माणसं गेली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. कायदा कडक आहे. पण कायद्याच्या आधी घरातल्या कुणीतरी किल्ली द्यायला नाही म्हणायचं असतं, आणि आपल्याकडं ते नाही म्हणणं फार अवघड झालं आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं फिरवणंही नियमात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. वहीवाल्या मुलीला हे सगळं ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही.

न्यू जर्सीला माझ्या भाच्याची मुलगी प्रॉमला, म्हणजे तिकडच्या शाळेच्या नाचपार्टीला, गेली तेव्हा आठ-दहा जणांनी वर्गणी काढून लांबलचक लिमोझिन ठरवली होती. भाचा फोनवर खर्चाबद्दल कुरकुरला आणि मग म्हणाला, “पण मावशी, त्या रात्री कुणाच्याच पोराच्या हातात स्टिअरिंग नसणार, म्हणून मी मुकाट्यानं पैसे दिले.”

मला मात्र गाडी ठरवणं म्हटलं की फियाट आठवते.

आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा, १९७७. निमगाव केतकीला माझ्या धाकट्या आत्याचं लग्न होतं. आमच्या घरातलं मोटारीतून सासरी जाणारं ते पहिलं माणूस. आजोबांनी वालचंदनगरहून फियाट ठरवली होती. ती सकाळीच आली आणि पानमळ्याच्या कडेला चिंचेखाली उभी राहिली. ड्रायव्हर पांढऱ्या कपड्यांतला, सडपातळ, मिशा बारीक कातरलेल्या. त्यानं डिकीतून फडकं काढलं आणि गाडी पुसायला घेतली. मांडवातली धूळ उडून पुन्हा बसे, तो पुन्हा पुसे. आम्ही पोरं भोवती. हात लावायचा नाही, एवढंच त्यानं सांगितलं होतं, आणि आम्ही खरोखर लावला नाही. झेंडूच्या माळा बांधायला मामालोक आले तेव्हा त्यांनाही तो म्हणाला, “काचंवर नको बांधू, मला रस्ता दिसला पायजे.” पंगतीवर पंगती उठल्या. वऱ्हाड जेवलं, गाव जेवलं, बँडवाले जेवले. त्याला ताट मिळालं तेव्हा ऊन कललं होतं. भात गार, आमटी तळाची. त्यानं ते चिंचेखाली उकिडवं बसून खाल्लं, ताट स्वतः विसळून आणून दिलं.

मी पाठराखीण म्हणून आत्याबरोबर निघाले. त्या फियाटची पुढची सीट एका बाकासारखी सलग होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळं पुढं तिघं सहज बसत. मी नवरदेवाचे मामा आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये. मागं आत्या, नवरदेव आणि एक करवली. आत्या निमगावची वेस ओलांडल्यापासून रडत होती. आधी मोठ्यानं, मग नुसते हुंदके. कुणी काही बोलेना. नवे काका खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यांचा तरी काय दोष, त्यांनी तिला त्या दिवशी धड पाहिलंसुद्धा नव्हतं. शेळगाव गेलं, अंथुर्णे गेलं. मी वळून बघितलं तर आत्याचं काजळ गालांवर आलेलं, मळवट पसरलेला, नाक लाल झालेलं.

जंक्शन गावाच्या पुढं कुठंतरी नीरा डाव्या कालव्याच्या पुलाजवळ गाडी हळू झाली आणि कडेला उभी राहिली.

“काय झालं?” मामा म्हणाले.

“गाडी तापलीया. पाणी दाखवाय लागंल.” तो उतरला. बॉनेट उघडलं. मग मागच्या दारापाशी आला, आत न बघता म्हणाला, “ताई, कालव्याला पाळी सुटलीया. पाणी लई गार हाय. वाईच तोंडावर मारून घ्या. मला येळ लागंल.”

आत्या उतरली. मी तिच्या मागं. कालव्याच्या दगडी पायऱ्यांवर बसून तिनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, पदरानं टिपलं. करवलीनं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. थोड्या वेळानं दोघी कशावरून तरी हसल्यासुद्धा. मी गाडीपाशी आले तर ड्रायव्हर बॉनेटला टेकून बिडी ओढत होता. पाण्याचा डबा कोरडा होता. मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं बिडी विझवली आणि बॉनेट लावलं. सासरची वस्ती तिथून फार लांब नव्हती. आत्या दारात उतरली तेव्हा ओवाळायला आलेल्या बायका म्हणाल्या, नवरी किती हसतमुख आहे.

पुढं कितीतरी वर्षांनी मला कळलं की ती फियाट ज्या कारखान्यातून बाहेर पडली आणि ज्या गावातून आली, त्या दोन्हींच्या मागं एकच माणूस. वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळरानावर १९३०च्या दशकात ऊस आणि साखर कारखाना उभा केला, त्याचं वालचंदनगर झालं. १९४४ मध्ये त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढं फियाट निघू लागली, जिला नंतर पद्मिनी म्हणू लागले. जहाज, विमान, मोटार, तिन्ही या देशात बनावीत असा सोलापूरच्या त्या माणसाचा ध्यास होता. १९५३ मध्ये ते गेले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरून लिहिलं. मी ती सगळी वाचली. त्यांत मुंबई होती, सिनेमे होते. चिंचेखालची फियाट कुणालाच माहीत नव्हती, असणार तरी कशी.

आत्याची वस्ती सणसरजवळ, पालखीच्या वाटेवर. आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीला परीट समाजानं अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांवरून जाते, रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि मग सणसरला मुक्काम. रथाला जुंपायच्या बैलजोडीचा मान दरवर्षी निवडून देतात, आणि ज्याच्या दावणीला तो मिळतो त्याचं घर वर्षभर त्याच आनंदात असतं. दिंड्यांच्या मागं-पुढं ट्रक असतात, तंबू, भांडी, शिधा वाहणारे. वारकरी चालत असतात तेव्हा ते ड्रायव्हर पुढं जाऊन तळ धरतात, आणि दुपारी ट्रकच्या सावलीत आडवे होतात.

आत्याच्या अंगणात त्या दिवशी मोठी पंगत असते. भाकरी, पिठलं, ठेचा, कधी शिरा. सत्तरी ओलांडली तरी चुलीपाशी तीच. घरातल्या सुना आता तिची पद्धत शिकल्या आहेत. विणेकऱ्यांना हात जोडून, जरा बसा माउली, म्हणून सांगायचं. मग आत्या स्वतः रस्त्यापर्यंत जाते आणि ट्रकची दारं वाजवत हिंडते, “उठा रं, ड्रायव्हर लोकांनी आधी जेवून घ्या. तुम्हाला म्होरं जायचंय.”