ढोल कुणाचा?

होळी जवळ आली की यावलच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या पाड्यांवर ढोल बाहेर निघतात. पावरा मंडळी आपला मोठा ढोल आधी शेकोटीजवळ धरतात. कातडं तापलं की एखादे आजोबा बोटांनी टिचक्या मारून आवाज पारखतात, दोरी ताणतात, मन भरलं नाही तर पुन्हा शेकायला लावतात. तोवर कुणी ढोल गळ्यात घालत नाही. नवसापोटी बुध्या झालेली माणसं कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात. त्या दिवसांत त्यांनी खाटेवर निजायचं नसतं.

असा ढोल, असा टोप संग्रहालयात काचेमागे दिसला की मी आधी पाटी वाचतो. जमातीचं नाव असतं, वस्तूचं असतं. घडवणाऱ्याचं नसतं, पाड्याचंही नसतं. नवसाचा टोप बारा महिने कुणाच्याही नजरेसमोर ठेवावा का, हे त्या पाड्याला कुणी विचारलं होतं? मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत १९९० सालीच मूलनिवासींचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा झाला. जानेवारी २०२४मध्ये नियम आणखी कडक झाले, मांडणीआधी त्या समाजाची संमती घेणं बंधनकारक ठरलं, आणि न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने आपली दोन दालनंच बंद केली. आपला १९७२चा पुरावशेष कायदा नोंदणी, व्यापार आणि निर्यात पाहतो. पाड्याची संमती त्याच्या गावीही नाही.

तरी वाट अनोळखी नाही. भुसावळला गाडी धरून भोपाळ गाठावं. तिथल्या मानव संग्रहालयात आदिवासींनी आपापली घरं स्वतः येऊन बांधली आहेत. गुजरातेत तेजगडच्या आदिवासी अकादमीतलं संग्रहालयही आदिवासींच्याच हातांनी आणि आवाजांनी उभं राहिलं.

आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय यावललाच आहे. मग पावरा, भिल्ल, तडवी यांच्या वस्तूंचं दालन इथे का नसावं? काय ठेवायचं, काय झाकायचं हे पाड्यांनी ठरवावं. होळीला ढोल मागितला तर द्यावा. वाजवताना कातडं फाटेल, अशी भीती कुणी घालेल. फाटू दे. नवं चढवणारा माणूस पाड्यावर आहे. त्याला बोलवावं, मजुरी द्यावी आणि पाटीवर त्याचं नाव लिहावं.