घराचे कागद आणि आपली सही



गेल्या काही महिन्यांत मंदिरात स्वाध्याय संपला की कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारते, "ताई, तुम्ही बी.कॉम. ना, मग एक सांगा..." आणि मग घराचा विषय निघतो. कोणाला जुना वाडा विकायचा असतो, कोणाला मुलासाठी फ्लॅट घ्यायचा असतो, कोणाला माहेरहून सहीसाठी बोलावणे आलेले असते. मी वकील नाही. पण गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेचे सांगलीतले घर विकले आणि तिच्यासाठी इचलकरंजीला लेकीजवळ लहान फ्लॅट घेतला, त्या सहा महिन्यांत सगळे कागद मी स्वतः वाचले. न कळलेले वकिलांना पुन्हा पुन्हा विचारले. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

नॉमिनी म्हणजे मालक का?

माझे धाकटे दीर वारले तेव्हा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून जावेचे नाव होते. मृत्युपत्र नव्हते. आम्हा सगळ्यांना वाटत होते, नॉमिनी आहे म्हणजे घर तिचे झाले. घर घेणाऱ्यांच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारले, "बाकीचे वारस कोण?"

मैत्रिणींनो, हे पक्के लक्षात ठेवा. नॉमिनी हा विश्वस्तासारखा असतो. महाराष्ट्रातल्या सहकार कायद्यात आता तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासदच म्हटले आहे. सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा एवढे नॉमिनेशनने ठरते. मालकी ठरते ती मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने.

आपल्या जैन समाजाला १९५६ चा हिंदू वारसा कायदाच लागू होतो. त्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, आणि प्रत्येकाचा वाटा सारखा. आईला आपण हमखास विसरतो. जावेच्या घरी ती, तिचा मुलगा, तिची मुलगी आणि आमच्या सासूबाई असे चार वारस. म्हणजे ज्या घराचे हप्ते फेडायला तिने पंचवीस वर्षे शिवणाचे मशीन चालवले, त्यात कागदोपत्री तिचा वाटा चार आण्यांचा! हे ऐकून ती रात्रभर झोपली नाही. "ताई, उद्या कोणी अडवलं तर मी जायचं कुठं?" असे तिने मला विचारले.

कोणी अडवले नाही. पण अडवता आले असते. त्या दोघांनी वेळेवर एक साधे मृत्युपत्र केले असते, तर तिच्यावर ही वेळ आली नसती. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

हक्कसोड पत्र: सही करण्याआधी वाचा

वारस चार असले तरी घर विकून सगळा पैसा जावेलाच मिळावा, असे तिच्या मुलांचे म्हणणे होते. त्यासाठी मुलगा, मुलगी आणि सासूबाई यांनी तिच्या नावे हक्कसोड पत्र करायचे ठरले. हे पत्र नोंदणी केलेलेच लागते. घरी स्टँप पेपरवर लिहून दिलेले चालत नाही.

खरी परीक्षा सासूबाईंच्या सहीची होती. त्या शहाऐंशी वर्षांच्या, आमच्याकडे राहतात. त्यांनी हक्क सोडला नाही तर त्यांच्या माघारी तो चौथा वाटा त्यांच्या सगळ्या वारसांत गेला असता, म्हणजे माझ्या यजमानांकडे आणि नणंदेकडेही त्यातले काही आले असते. घरातल्याच एकांनी सुचवलेही, "आईंच्या औषधपाण्याला राहू दे की त्यांचा वाटा." बोलणे अगदी चुकीचे नव्हते. म्हणून यजमान म्हणाले, "आपण कोणी काही बोलायचं नाही. आई ठरवेल."

सासूबाईंना जिना उतरवत नाही. वयामुळे किंवा आजारामुळे जाता येत नसेल तर अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतात, ही सोय कायद्यातच आहे. फी भरावी लागते. साहेब आले, यंत्र मांडले. तेवढ्यात सासूबाई मला म्हणाल्या, "अंगठा देते, पण आधी काय लिहिलंय ते वाच." मी सगळे वाचले. कायद्याची भाषा त्यांना सोपी करून सांगितली, "आई, या घरात तुमचा चौथा हिस्सा आहे. अंगठा दिलात की तो कायमचा गेला. नाही दिलात तरी कोणी रागावणार नाही." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या शेताला माझा अंगठा घेतला तेव्हा मला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. आज माझं होतं हे कळलं. आता देते." आणि त्यांनी अंगठा दिला.

मैत्रिणींनो, आपण त्यागाविषयी किती ऐकतो! पण जे आपले आहे हेच ठाऊक नाही, त्याचा त्याग कसा होणार? ते नुसते हातातून जाणे. जाणून, स्वखुशीने सोडले तर तो त्याग. म्हणून माहेरचा हक्क सोडायचा की ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. भावाला आनंदाने द्या, त्यात काहीच वावगे नाही. पण लग्नघाईत, चहाचा कप हातात असताना, "अक्का, इथं एक सही कर" असे कोणी म्हणाले तर शांतपणे सांगा, "घरी नेऊन वाचते, मग करते." वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो मिळाला, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आपल्या आईने सही केली होती म्हणून आपणही डोळे मिटून करावी असे नाही.

साठेखत आणि खरेदीखत यात फरक काय?

साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. त्याने मालकी बदलत नाही. मालकी बदलते ती नोंदणी केलेल्या खरेदीखताने. मधल्या काळात पैसे किती, कधी, ताबा केव्हा, व्यवहार मोडला तर इसाराचे काय, हे सगळे साठेखतात लिहिलेले हवे. तोंडी "आपलीच माणसं आहेत" यावर जाऊ नये. आपली माणसे असतील तर लिहून द्यायला त्यांची हरकत नसतेच.

कोणी म्हणाले, "नुसत्या मुखत्यारपत्रावर व्यवहार करू, खर्च वाचेल," तर तिथेच थांबा. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे.

नवीन बांधकामात घर घेत असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आणि दर कार्पेट क्षेत्रफळावर विचारा. वापरायला मिळते ते तेवढेच.

कोणते कागद पाहायचे?

इचलकरंजीचा फ्लॅट पाहिला तेव्हा जावेला खिडकीतून दिसणारे मंदिराचे शिखर आवडले. मी म्हटले, शिखराला नमस्कार, आता फाइल बघू. आम्ही जे पाहिले ते असे: पहिल्या मालकापासूनचे सगळे करार आणि त्यांचे इंडेक्स टू, जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, नगरपालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला, घरफाळ्याची आणि लाइट बिलाची शेवटची पावती. शिवाय वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट.

दोन गोष्टी विशेष सांगते. घरफाळ्याची पावती हा मालकीचा पुरावा नाही. सातबारासुद्धा महसुलाची नोंद आहे, नुसत्या त्यावर मालकी सिद्ध होत नाही. पण सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" रकाना जरूर वाचा. बँकेचा बोजा, कूळ, कोर्टाचा वाद, यांच्या नोंदी तिथे सापडतात. आणि विकणाऱ्याकडे मूळ कागद नसून नुसत्या झेरॉक्स असतील तर मूळ कागद कोणत्या बँकेत आहेत, हे विचारा.

"थोडे रोखीत द्या" म्हटले तर?

सांगलीचे घर घ्यायला आलेल्या पहिल्या गृहस्थांनी ३४ लाखांना होकार दिला, पण कागदावर २६ आणि ८ रोख. जाव म्हणाली, "मला पैसे मिळाल्याशी कारण." मी तिच्यासमोर कागद-पेन्सिल घेऊन बसले. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे ८ लाख घेतले आणि ८ लाख दंडात गेले, तर घर २६ लाखांतच गेले. व्यवहार मोडला तर रोखीचा पुरावा नाही. आणि तो पैसा ती बँकेत भरणार कशी, नवीन घराला कागदावर दाखवणार कशी?

याखेरीज आपली एक बाजू आहेच. रोज आपण अचौर्य व्रताचे नाव घेतो. करातली चोरी ही चोरी नव्हे, असे कुठे सांगितलेले नाही. शेवटी दोन महिने थांबून ३२ लाखांना, सगळे बँकेतून, घर गेले. दोन लाख कमी मिळाले. पण ती त्या रात्री शांत झोपली, हे मी पाहिले.

कराचे थोडे

घर दोन वर्षांहून जास्त काळ ताब्यात असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरतात. वारसाने आलेल्या घराला मूळ मालकाची खरेदीची तारीख आणि किंमत धरतात. २००१ पूर्वी घेतलेले असेल तर १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घ्या. नफ्याची रक्कम दुसऱ्या घरात गुंतवली तर कर वाचतो. घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावे, बांधायचे असेल तर तीन वर्षे. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत घर घेतले नसेल तर ती रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावी, साध्या बचत खात्यात नव्हे.

व्यवहार ५० लाख किंवा जास्तीचा असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कर कापून सरकारात भरायचा असतो. विकणाऱ्या बाईचे पॅन आधारशी जोडलेले नसेल तर हाच कर फार मोठा होतो. ते आधीच तपासा.

आणि एक चांगली गोष्ट. महाराष्ट्रात राहते घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतले तर ती मिळत नाही. मुद्रांक शुल्क मात्र करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत, यांतली जी जास्त असेल तिच्यावर लागते. जावेचे घर तिच्या एकटीच्या नावावर झाले. खरेदीखत झाल्यावर पंधरा दिवसांतच तिने मृत्युपत्रही करून टाकले.

तुमच्यातल्या पुष्कळ जणींना घरातली लोणच्याची बरणी कुठे आहे ते अंधारातही सांगता येईल, पण घराचे खरेदीखत कुठे आहे ते विचारले तर यजमानांकडे पाहाल. या रविवारी एवढे करा. यजमानांना म्हणा, "घराची फाइल काढा, मला वाचायची आहे." नाव कोणाचे आहे, नॉमिनी कोण, कर्ज फिटले असेल तर मूळ कागद बँकेतून परत आले का, मृत्युपत्र आहे का, हे चार प्रश्न एका कागदावर लिहून त्यांची उत्तरे समोर मांडा. अडले तर वकिलांची फी द्या, ती वाया जात नाही.